कच्च्या लिंबांचा डाव

१९९८ साली एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. जपानमध्ये कोनामी कंपनीनं आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या गेम पार्लरमध्ये, एक नवं मशीन आणलं. त्याला जॉयस्टिक नव्हती. खेळणाऱ्यानं चौथऱ्यावर उभं राहायचं आणि पायांनी खेळायचं. गेमचं नाव ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’, चाहत्यांच्या भाषेत डीडीआर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात डॉ. विल्यम नील या बालहृदयरोगतज्ज्ञांच्या पुढाकारानं एक प्रकल्प सुरू झाला. शाळाशाळांत जाऊन पाचवीतल्या मुलांचं वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायचं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचं कोलेस्टेरॉल! पण वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचं, डोंगराळ आणि गरीब राज्य. लठ्ठपणा आणि हृदयविकार यांत ते देशात कायम वरच्या क्रमांकांवर असायचं. तिथे मोठ्यांच्या आजाराची मुळं बालपणात शोधणं भाग होतं.

या दोन गोष्टींची गाठ पुढे सात-आठ वर्षांनी पडली. जानेवारी २००६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं जाहीर केलं की राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ७६५ सरकारी शाळांमध्ये डीडीआर बसवला जाईल, आणि तोही पी.टी.च्या तासासाठी. व्हिडिओ गेममुळे पोरं सोफ्याला चिकटून बसतात, असं जो तो म्हणत होता तेव्हाची ही गोष्ट आहे.

या प्रयोगाची आठवण सहसा गंमत म्हणून काढली जाते. मला मात्र त्यात एक गंभीर प्रश्न दिसतो. शाळेतला पी.टी.चा तास नेमका कोणासाठी असतो? तो समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

शंभरातले वरचे पंधरा

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हान्स क्राउस हे डॉक्टर आणि बॉनी प्रुडन या व्यायामशिक्षिका यांनी अमेरिकी आणि युरोपीय मुलांची एक साधी चाचणी घेतली. पोट, पाठ आणि पाय यांची किमान ताकद व लवचीकता तपासणारे सहा व्यायाम, एवढंच. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मुलं त्यांपैकी निदान एका व्यायामात नापास झाली. युरोपात हे प्रमाण दहात एकाहूनही कमी होतं. १९५५ मध्ये हा अहवाल थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमोर गेला. शीतयुद्धाचे दिवस होते. उद्याचे सैनिक आज वाकून पायाचे अंगठेही धरू शकत नाहीत, ही बातमी व्हाइट हाउसला परवडणारी नव्हती. १९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली.

पुढे १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात ‘प्रेसिडेन्शिअल फिजिकल फिटनेस अवॉर्ड’ सुरू झाला. धावणं, पुल-अप्स, सिट-अप्स वगैरे चाचण्या व्हायच्या, आणि प्रत्येक चाचणीत देशभरातल्या आपल्या वयाच्या मुलांपैकी वरच्या पंधरा टक्क्यांत येणाऱ्याला पुरस्कार मिळायचा. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशी मुलं सुरुवातीपासूनच यादीबाहेर. शिवाय ही परीक्षा वर्गातल्या गणिताच्या पेपरासारखी खासगी नसायची. बारला लटकलेला आणि एकही पुल-अप न जमणारा मुलगा सगळ्या वर्गाला दिसायचा. किती जमले हेही मोठ्यानं सांगितलं जायचं.

हे दृश्य समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्याकडे गल्लीत संघ पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीनं भिडू निवडतात आणि शेवटी एक जण उरतो. त्याला कोणीतरी नाइलाजानं घेतं, किंवा मग तो कच्चा लिंबू. खेळात आहे पण हिशेबात नाही. तो बाद झाला तरी चालतं, कारण त्याच्या असण्या-नसण्यानं काही बिघडत नाही. गल्लीतला कच्चा लिंबू निदान लहान असतो, वाढला की पक्का होतो. शाळेच्या मैदानावरचा कच्चा लिंबू अनेकदा दहावीपर्यंत तसाच राहतो, आणि ‘खेळ हे आपलं काम नाही’ ही समजूत घेऊनच बाहेर पडतो.

पी.टी.च्या तासाचा खरा तोटा इथे आहे. ज्या मुलांना हालचालीची गरज सर्वांत जास्त, तीच मुलं त्या तासाला सर्वांत कमी हलतात.

हातांनी बडवलेली चटई

शरीरानं खेळायचे गेम डीडीआरच्या आधीही आले होते. १९८२ मध्ये अमिगा कंपनीनं अटारीच्या गेम कन्सोलसाठी ‘जॉयबोर्ड’ काढला. पाटावर उभं राहायचं आणि ज्या बाजूला झुकाल त्या बाजूला पडद्यावरचा स्कीइंग करणारा वळेल. तो बाजारात चालला नाही, पण संगणकाच्या इतिहासात एक मजेशीर खूण सोडून गेला. पुढे याच कंपनीचा अमिगा संगणक क्रॅश झाला की पडद्यावर ‘गुरू मेडिटेशन’ असा संदेश यायचा. कंपनीतले अभियंते वैतागले की जॉयबोर्डवर मांडी घालून, जराही न हलता बसायचा प्रयत्न करत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. हलण्यासाठी बनवलेल्या यंत्राचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग न हलण्यासाठी झाला.

१९८६ मध्ये जपानच्या बंदाई कंपनीनं दाबल्याचं ओळखणाऱ्या बटणांची चटई आणली. १९८८ मध्ये निंटेंडोनं तीच अमेरिकेत ‘पॉवर पॅड’ नावानं विकली. चटईवर जागच्या जागी धावलं की पडद्यावरचा खेळाडू धावायचा. मुलांनी यातली पळवाट लगेच शोधली. गुडघ्यांवर बसून हातांनी चटई बडवली की खेळाडू जास्त वेगानं पळतो! चूक मुलांची नव्हती. यंत्र फक्त बटण दाबल्याचं मोजत होतं आणि बटण दाबायला पाय लागतातच असं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज पाहतो. तुम्ही जे मोजाल तेच लोक वाढवतील, आणि सर्वांत स्वस्त मार्गानं वाढवतील.

चार बाण

डीडीआरची रचना अगदी सोपी आहे. चौथऱ्यावर चार बाण असतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात. ते वरच्या चौकटीत पोचतील त्याच क्षणी, गाण्याच्या ठेक्यावर, पायाखालचा तोच बाण दाबायचा. पाऊल पडताक्षणी पडद्यावर निकाल उमटतो: परफेक्ट, ग्रेट, गुड, बू किंवा मिस. एक गाणं साधारण दीड मिनिटाचं. चुका फार झाल्या तर वरची पट्टी रिकामी होते आणि डाव संपतो.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, प्रतिसाद लगेच मिळतो. मैदानावर आपण नीट धावलो की नाही हे तास संपल्यावर सर सांगतात, तेही सांगितलं तर. इथे प्रत्येक पावलाचा निकाल त्या पावलालाच मिळतो. दुसरी, पायऱ्या बारीक आहेत. तेच गाणं अगदी सोप्या पातळीवर सावकाश चालल्यासारखं असतं आणि सर्वांत अवघड पातळीवर दम काढतं. दोन मुलं शेजारी शेजारी, एकाच गाण्यावर, वेगवेगळ्या पातळ्यांवर खेळू शकतात. मैदानावर असं होत नाही, कारण तिथे चेंडू एकच असतो. तिसरी गोष्ट पळवाटेची. इथेही कोणी हातांनी बडवायला जाईल, पण ठेका आणि दिशा एकत्र सांभाळायची तर उभं राहून नाचणंच सर्वांत सोपं पडतं. पॉवर पॅडला जे जमलं नाही ते इथे गाण्यानं साधलं.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापक लिंडा कार्सन यांनी हा गेम पहिल्यांदा पाहिला तो एका मॉलमध्ये, आर्केडसमोरून जाताना. मुलं घामाघूम झाली होती, रांगेत उभी होती आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजत होती. ज्या गोष्टीसाठी व्यायामशिक्षक आयुष्यभर शिट्ट्या फुंकतात, ती इथे आपणहून घडत होती.

पण मॉलमधल्या एका दृश्यावरून राज्याचं धोरण ठरत नाही. पैसे कोण देणार? इथे गोष्टीत एक अनपेक्षित पात्र येतं, ते म्हणजे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा चालवणारी संस्था. कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या लठ्ठपणाचं बिल आज ना उद्या तिच्याच टेबलावर येणार होतं. त्यामुळे मुलं नाचली तर तिचा थेट फायदा होता. विमा संस्था, विद्यापीठ, शिक्षण विभाग आणि कोनामी एकत्र आले. आधी माध्यमिक शाळा, मग बाकीच्या, असा क्रम ठरला.

विद्यापीठानं सोबत अभ्यासही केला. एमिली मर्फी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ७ ते १२ वर्षांची ३५ जास्त वजनाची मुलं होती. बारा आठवडे डीडीआरवर व्यायाम केलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता सुधारली, दमश्वास वाढला, रक्तदाब उतरला. रक्तातली चरबी आणि साखर यांच्या आकड्यांत मात्र फरक पडला नाही. म्हणजे चमत्कार झाला नव्हता. पण ज्या मुलांच्या रक्तवाहिन्या दहाव्या वर्षीच कडक होऊ लागल्या होत्या, त्यांच्यासाठी हे थोडं नव्हतं.

सगळ्यांची नजर पडद्यावर

या काळातल्या वृत्तांतांमध्ये शिक्षकांचं एक निरीक्षण पुन्हा पुन्हा येतं. पारंपरिक खेळांत न रमणारी, कडेला उभी राहणारी मुलं या तासाला चटईवर येत होती.

याचं श्रेय सहसा ‘मुलांना स्क्रीन आवडते’ या कारणाला दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. एका हॉलमध्ये तीस मुलं नाचत आहेत आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या पडद्यावर खिळले आहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. शेजाऱ्याचं पाऊल चुकलं की नाही हे पाहायला कोणालाच सवड नाही, कारण पुढचा बाण वर येतोय. चुकलं तर ‘मिस’ असं उमटतं आणि पुढच्या क्षणी पुसलं जातं. तुमच्या चुकीमुळे कुठला संघ हरत नाही. बारला लटकलेल्या मुलाकडे सगळा वर्ग पाहत असे, इथे कोणी कोणाकडे पाहत नाही. चुकण्याची मुभा मिळाल्यावर कच्चे लिंबू खेळायला आले.

माझ्या मते या प्रयोगाची खरी कमाई ही आहे. दुर्दैवानं पुढच्या काही वर्षांत जगानं त्यातून वेगळाच धडा घेतला: यंत्र आणा, मुलं हलतील.

घरी आलेलं मैदान

नोव्हेंबर २००६ मध्ये निंटेंडोचा वी हा कन्सोल आला. रिमोट हातात धरून हवेत रॅकेट फिरवायची की पडद्यावर टेनिस सुरू. त्यापाठोपाठ ‘वी फिट’ आला आणि त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं किनेक्ट आणला. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेराच तुमचं शरीर वाचणार. पहिल्या साठ दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले. ‘एक्सरगेमिंग’ हा शब्द रूढ झाला. आता प्रत्येक घरात मैदान येणार असं वाटू लागलं.

संशोधकांनी मोजायला घेतलं. २००६ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात २५ मुलांची तपासणी झाली. बसून गेम खेळण्यापेक्षा डीडीआर खेळताना ती दुपटीहून जास्त ऊर्जा खर्च करत होती. २००७ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी वीवरचं टेनिस, बोलिंग आणि बॉक्सिंग मोजलं. बसून खेळण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते हे खरं, पण प्रत्यक्ष टेनिस किंवा बॉक्सिंगच्या तुलनेत बरीच कमी. मनगटाच्या एका झटक्यानं सर्व्हिस होत असेल तर पूर्ण हात कोण फिरवेल? पॉवर पॅडची चटई पुन्हा बडवली जात होती.

मग २०१२ मध्ये ह्यूस्टनमधून टॉम बरानोव्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ९ ते १२ वर्षांच्या ७८ मुलांना वी कन्सोल दिले गेले. काहींना शरीर हलवायला लावणारे गेम, काहींना बसून खेळायचे. व्यायाम करा असं कोणीच सांगितलं नाही. गेम दिले आणि खऱ्या आयुष्यात काय होतं ते पाहिलं. मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं उपकरण लावलं होतं. तेरा आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गटांच्या हालचालीत फरक सापडला नाही.

हा निकाल वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे रिटेन्शन नावाचा एक आलेख असतो. पहिल्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांपैकी सातव्या दिवशी किती उरले, तिसाव्या दिवशी किती, हे तो दाखवतो. रेष बहुतेक वेळा घसरगुंडीसारखी उतरते. नवेपणा हे इंधन आहे आणि ते संपतं.

याचं सर्वांत मोठं प्रात्यक्षिक २०१६ मध्ये झालं. ‘पोकेमॉन गो’ आठवतो ना? भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरमध्ये, जिओच्या साथीनं आला. पण त्याआधीच जुलैपासून कुठून कुठून एपीके मिळवून पोरं बागांमधून आणि गल्ल्यांमधून फोन धरून फिरत होती. त्याच वर्षी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या खेळाडूंच्या पावलांचा हिशेब आला. गेम घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं वाढली. सहाव्या आठवड्यात सगळे जिथून निघाले होते तिथेच परत.

वेळापत्रक नावाचं यंत्र

मग वेस्ट व्हर्जिनियात जे काही साधलं ते कशामुळे? ह्यूस्टनच्या मुलांच्या घरीही कन्सोल होता, गेम होता. नव्हतं ते वेळापत्रक. शाळेत ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासाला घंटा होते, दार उघडतं, शिक्षक हजर असतात आणि सोबत अख्खा वर्ग असतो. गेमचा कंटाळा आला तरी तास टळत नाही. मर्फी यांच्या अभ्यासातल्या मुलांनाही आठवड्यात किती आणि कसं खेळायचं हे आखून दिलं होतं. गेमनं मुलांना चटईवर आणलं आणि आखणीनं त्यांना तिथे टिकवलं.

याचा पुरावा स्कॉटलंडमध्ये सापडतो, आणि तोही कुठल्याही यंत्राशिवाय. २०१२ मध्ये स्टर्लिंग शहरातल्या सेंट निनियन्स प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी ‘डेली माइल’ सुरू केला. रोज पंधरा मिनिटं वर्गानं बाहेर पडायचं आणि ज्याला जसं जमेल तसं पळायचं. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही. दमलात तर चाला, मैत्रिणीशी गप्पा मारत पळा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांची तंदुरुस्ती आणि हालचाल, हा उपक्रम नसलेल्या शाळेतल्या मुलांपेक्षा सुधारलेली दिसली. पुढे ही कल्पना अनेक देशांतल्या शाळांनी उचलली.

डीडीआर आणि डेली माइल वरवर पाहता दोन टोकं आहेत. एकात पडदा, ठेका, रंगीत बाण. दुसऱ्यात पावसाळी हवा आणि शाळेचं आवार. पण दोन्हींत कोणी भिडू निवडत नाही, प्रत्येकाची गती वेगळी चालते आणि दोन्ही गोष्टी शाळेच्या वेळापत्रकात बसवलेल्या आहेत.

कंपनीचं आयुष्य आणि शाळेचं आयुष्य

यंत्रांवर भरवसा ठेवण्यात आणखी एक अडचण होती, आणि ती माझ्या धंद्याची आहे. गेम कन्सोलची एक पिढी पाच-सात वर्षं जगते. मग नवा कन्सोल येतो, जुने गेम त्यावर चालतीलच असं नसतं, जुन्या चटया मिळेनाशा होतात. शेकडो मुलांनी रोज उड्या मारल्यावर चटई किती टिकणार? २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं किनेक्टचं उत्पादन थांबवलं. ज्यांनी त्याभोवती काही उभारलं होतं त्यांनी मग काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही खोक्यावर छापलेलं नव्हतं.

सरकारी शाळा पन्नास वर्षांचा विचार करून बांधली जाते. तिच्या पी.टी.च्या तासाला पाच वर्षांत जुन्या होणाऱ्या मालावर उभं केलं तर तास मालाबरोबरच संपतो. डीडीआरची एक मुक्त-स्रोत आवृत्ती, स्टेपमेनिया, २००१ च्या सुमारास चाहत्यांनी लिहायला घेतली. तिचा कोड आजही कोणालाही उतरवून घेता येतो. सार्वजनिक शाळांसाठी साधन निवडायचं असेल तर या प्रकारचं निवडावं, असं मला वाटतं. उद्या कंपनीचा रस संपला तरी शिक्षकाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, निंटेंडोच्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’चा जगभर तुटवडा पडला होता. घरात कोंडलेले लोक तो शोधत होते. शरीराला खेळायचं असतंच, वाट मिळाली की ते खेळतं. शाळेचं काम ती वाट सगळ्यांसाठी उघडी ठेवण्याचं आहे, आणि त्यासाठी यंत्र लागेलच असं नाही.

वरच्या पंधरा टक्क्यांचा तो जुना अमेरिकी पुरस्कार २०१२ नंतर बंद झाला. स्पर्धेऐवजी प्रत्येक मुलाचं आरोग्य पाहणारी पद्धत त्याच्या जागी आली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जुनी फिटनेस टेस्ट परत आणण्याचा आदेश काढला. म्हणजे प्रश्न साठ वर्षांनी पुन्हा तिथेच येऊन उभा आहे. पी.टी.चा तास वरच्या पंधरांना शोधण्यासाठी आहे की उरलेल्या पंच्याऐंशींना हलवण्यासाठी? वेस्ट व्हर्जिनियाच्या शाळांनी काही वर्षं तरी दुसरं उत्तर देऊन पाहिलं होतं. चार बाणांचं ते मशीन जुनं झालं, पण कडेला उभी असलेली मुलं अजून तिथेच आहेत.